शेवटचं युनिट कितीला पडतं?

माझा दीर गोरेगावला राहतो. काहीही घेतलं की ते आपल्याला किती स्वस्त पडलं हे सगळ्या नातेवाइकांना कळवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. "वहिनी, विजेची कंपनी बदलली. तुम्ही गोव्यातले लोक आहे त्या कंपनीला धरून बसता. जरा दर बघा, हिशेब करा, बदला की!"

मी शाळेत गणित शिकवते. मला हिशेब कर म्हणून सांगणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे, पण ते असो.

मुंबईच्या उपनगरांत त्याला हे जमतं, कारण तिथे एकाच भागात दोन कंपन्यांना वीज विकण्याचा परवाना आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वादाचा निकाल लावला आणि २००९ पासून ग्राहकांना इकडून तिकडे जाता येऊ लागलं. तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसरीची, असंही चालतं. तारांच्या वापरापोटी बिलात वहन आकार लागतो. दोन्ही कंपन्यांचे दर नियामक आयोगच ठरवून देतो, पण महिन्याच्या वापराचे टप्पे सारखे असले तरी त्या टप्प्यांचे दर सारखे नसतात. कमी वापराच्या घराला एक कंपनी परवडेल आणि एसी चालवणाऱ्या घराला दुसरी, असं होऊ शकतं. दिराला विचारलं, तू कुठल्या टप्प्यात आहेस? तो म्हणाला, "ते नाही बघितलं. शेजाऱ्याने बदलली, त्याचं बिल कमी आलं." शेजाऱ्याकडे माणसं किती, एसी किती, हेही त्याने बघितलं नव्हतं. त्या महिन्यात शेजारी घरी तरी होता का, देव जाणे.

तर गोव्यात बदलायचं म्हणजे काय, हा प्रश्न त्यानिमित्ताने डोक्यात बसला.

विजेच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. आमच्याकडे वीज खातं. मंडळ नाही, कंपनी नाही, सरकारचं खातं. पेडण्यापासून काणकोणापर्यंत वीज विकणारं दुसरं कुणी नाही. दर ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग. हा आयोग गोवा आणि काही केंद्रशासित प्रदेश यांचा मिळून एकच आहे आणि त्याचं कार्यालय गुरुग्रामला आहे. खात्याने याचिका करायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, लोकांनी हरकती घ्यायच्या, सुनावणी व्हायची आणि मग आदेश निघायचा, अशी पद्धत. ही जाहिरात बहुतेक जण पान उलटून टाकतात आणि बिल आल्यावर बोलतात. एकाच भागात अनेक वितरकांना परवानगी देण्याचा विचार दिल्लीत झाला होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वीज कायदा दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि ती लोकसभा संपल्यावर बारगळलं. आमच्याच आयोगाखालच्या दादरा-नगर हवेली, दमण-दीवमध्ये आणि पुढे चंदीगडमध्ये वितरण खासगी कंपनीकडे गेलं खरं, पण तिथेही ग्राहकाला दोघांतून एक निवडायला मिळालं नाही. एकाच्या जागी दुसरा आला, एवढंच.

सिलिंडरची गोष्ट निराळी, म्हणजे दिसायला निराळी. तीन सरकारी तेल कंपन्या आहेत आणि त्यांच्यात बदल करता येतो. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलतात तशी गॅसची 'पोर्टेबिलिटी' २०१३ च्या शेवटाला काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१४ मध्ये देशभर पसरली. पण १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा दर एका गावात तिन्ही कंपन्यांचा एकच असतो. त्यामुळे कंपनी बदलून एक रुपया वाचत नाही. फायदा झालाच तर वितरकाचा. बुकिंग केल्यावर सिलिंडर दुसऱ्या दिवशी येतो की आठवड्याने, आणि आणणारा माणूस दुसऱ्या मजल्यासाठी वर किती मागतो, एवढाच फरक. कंपनी तीच ठेवून फक्त वितरक बदलला तर सिलिंडर-रेग्युलेटर तेच राहतात. कंपनी बदलली तर जुनं सामान जमा करून नवं घ्यावं लागतं. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने वितरक बदलला, कारण आधीचा माणूस वजनकाटा कधीच आणत नसे. काटा मागायचा आपल्याला हक्क आहे. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन रंगवलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे आणि काट्यावर तेवढं भरतंय का ते बघायचं. आणि सिलिंडर गोदामातून स्वतः उचलून आणला तर घरपोच सेवेचे पैसे बिलातून कमी व्हायला हवेत. हे विचारणारे फार थोडे.

पाइपच्या गॅसलाही एकच दुकान. केंद्राच्या नियामक मंडळाने प्रत्येक भाग एकेका कंपनीला वाटून दिलाय. उत्तर गोवा एकीकडे, दक्षिण गोवा दुसरीकडे. पर्वरीत राहून मला मडगावची कंपनी निवडता येत नाही.

म्हणजे विकणारे सगळे ठरलेले. आपल्या हातात एवढंच, की भात कशावर शिजवायचा. सिलिंडर, पाइप की इंडक्शन, या तिघांत अदलाबदल करता येते आणि तिथे हिशेबाला खरोखर जागा आहे.

आमच्या सोसायटीत पाइप घ्यायचा का यावर चर्चा चालू होती, तेव्हा ग्रुपवर कुणीतरी एक तक्ता टाकला. सिलिंडर इतका, पाइप इतका, इंडक्शन इतका, महिन्याचा खर्च शेजारी शेजारी. रंगीत, सुबक. त्यात इंडक्शन सर्वांत महाग आणि पाइप सर्वांत स्वस्त. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी आकडे बघितले तर विजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वर धरलेला. हा गोव्याचा दर कुठून आला? बरोबर, आलाच नव्हता. तक्ता पुण्याकडचा होता. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती ग्राहकाने शंभर युनिटं ओलांडली की पुढच्या टप्प्यात वहन आकार धरून युनिट दहाच्या वर जातं. मराठीत घरखर्चावर जे काही लिहिलं जातं, जे व्हिडिओ निघतात, ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या बिलावरून निघतात. पाककृती तिकडची चालते. मसाला आपला घालता येतो. पण वीजदर तिकडचा घातला की सगळंच उलटं होतं.

गोव्यात घरगुती विजेचे टप्पे शंभर-शंभर युनिटांचे आहेत. शून्य ते शंभर, मग दोनशेपर्यंत, तीनशेपर्यंत, चारशेपर्यंत आणि चारशेच्या पुढचं सगळं. पहिल्या शंभराला युनिटमागे दोन रुपयांच्या आसपास, आणि चढत चढत चारशेच्या पुढे पाचाच्या वर. याशिवाय मंजूर भारावर किलोवॅटमागे स्थिर आकार, वीज शुल्क, आणि खात्याला वीज खरेदी महाग पडली तर तिचा फरक. दर आयोगाच्या आदेशागणिक बदलतात, म्हणून मी इथे पैशापर्यंत लिहीत बसत नाही. बिलाच्या कागदावर तुमचा सीए नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, असतो तिथेच आसपास टप्प्यांची फोड असते, ती घ्या. माझ्या बिलावर, शुल्क वगैरे धरून, दोनशे ते तीनशेच्या टप्प्यातलं युनिट चार रुपयांच्या आसपास पडतं आणि चारशेच्या पुढचं सहाच्या आसपास.

आता खरी गंमत. तिन्ही इंधनं तीन वेगळ्या मापांनी विकली जातात. सिलिंडर किलोवर, पाइपचा गॅस घनमीटरवर, वीज युनिटवर. छेद समान केल्याशिवाय अपूर्णांकांची तुलना करू नये, हे सहावीच्या मुलालाही कळतं. समान छेद म्हणजे उष्णता, आणि तीही विजेच्याच युनिटांत, म्हणजे किलोवॅट-तासांत, मोजू.

एक किलो एलपीजी जळला की साधारण साडेबारा युनिटांहून थोडी जास्त उष्णता मिळते. १४.२ किलोच्या सिलिंडरात मिळून १८० युनिटांच्या आसपास. पाइपमधला नैसर्गिक वायू घनमीटरला सुमारे दहा युनिटं देतो. म्हणजे एक सिलिंडर आणि अठरा घनमीटर पाइपचा गॅस यांची ताकद सारखी. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढला तेव्हा आमच्याकडे तो साडेआठशेच्या वर गेला. मी ८६५ धरते. ८६५ ला १८ ने भागा, ४८ येतात. पाइपच्या बिलावरचा घनमीटरचा दर सगळे कर धरून ४८ च्या खाली असेल तर पाइप स्वस्त, वर असेल तर सिलिंडर. एवढी एक ओळ त्या रंगीत तक्त्याची जागा घेते. सिलिंडरचा भाव बदलला की पुन्हा अठराने भागायचं. कराचं मात्र बघा. सिलिंडरवर जीएसटी असतो, नैसर्गिक वायू अजून जीएसटीत आलेला नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे जाहिरातीत छापलेला दर करासह आहे की कराविना, हे आधी विचारून घ्यायचं.

विजेसाठी अजून एक पायरी लागते. शेगडीची सगळी उष्णता भांड्यात जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे एलपीजीच्या घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी, तीही प्रयोगशाळेत, स्वच्छ बर्नरवर. आपल्या घरी बर्नरला दूध उतू गेल्याचा इतिहास असतो. तरी शेगडीच्या बाजूने उदार होऊन ६८ टक्केच धरू. १८० पैकी १२२ युनिटं भांड्यापर्यंत पोचली. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर तेवढंच काम करायला मीटरवर १४५ च्या आसपास युनिटं पडतील. ८६५ भागिले १४५, सहा रुपयांना थोडं कमी.

म्हणजे युनिट सहा रुपयांच्या खाली मिळत असेल तर इंडक्शन सिलिंडरपेक्षा स्वस्त. पुण्यात दहाच्या वर, म्हणून तिथे तो चैनीचा. आमच्याकडे चारशेच्या पुढे गेलेल्यालाच बरोबरीचा, बाकीच्यांना स्वस्त.

पुस्तकी आकड्यांवर माझा विश्वास असला तरी घरच्यांचा नसतो, म्हणून एकदा फ्रिज, पंखे सगळं बंद करून दोन लिटर पाणी इंडक्शनवर उकळलं आणि मीटरचं आधीचं-नंतरचं वाचन घेतलं. हिशेबाने पाव युनिटापेक्षा थोडं कमी जायला हवं होतं, तेवढंच गेलं. मुलगा म्हणाला, आई, हे तू आनंदासाठी करतेस ना? हो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. हिशेब करताना लोक बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागतात आणि म्हणतात, आम्हाला वीज तीन रुपयांनी पडते. बिलाला ते बरोबर आहे, निर्णयाला चूक आहे. समजा महिन्याला २६० युनिटं होतात. पहिली शंभर दोनने, पुढची शंभर तीनने, उरलेली साठ चारने, मिळून ७४०, सरासरी तीनच्याही खाली. पण तुम्ही इंडक्शन आणला तर तो त्या स्वस्त शंभर युनिटांतून वीज घेणार नाही. ती तुमच्या फ्रिजने आणि पंख्यांनी आधीच संपवली आहेत. इंडक्शनची युनिटं या २६० च्या डोक्यावर चढतील. पहिली चाळीस चारने, आणि तीनशे ओलांडलं की त्याच्याही पुढच्या दराने. नवीन उपकरणाचा भाव म्हणजे तुमच्या शेवटच्या युनिटाचा भाव. सरासरीचा तिथे काही संबंध नाही.

आमच्या घरी चार माणसं. सिलिंडर दीड महिना जातो. सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर महिन्याला शंभरेक युनिटं वाढतील, अर्धा नेला तर पन्नासेक. जानेवारीत आमचं बिल १९० युनिटांचं असतं. त्यात पन्नास वाढली तर बहुतेक चार रुपयांच्या टप्प्यात पडतात, म्हणजे एका सिलिंडराचं काम ५८० रुपयांत. मे महिन्यात एसीमुळे आम्ही ४३० वर जातो. तिथे वाढलेलं प्रत्येक युनिट सहाने, म्हणजे ८७० रुपये, म्हणजे सिलिंडरइतकंच. त्यात घाम गाळून इंडक्शनचं कौतुक कशाला करायचं? तेव्हा आमच्याकडे थंडीत आणि पावसाळ्यात इंडक्शन, एप्रिल-मेमध्ये गॅस. हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही, कारण तक्ता वर्षभराचा एकच दर धरतो.

वर्षाला साधारण आठ सिलिंडर लागतात. त्यातल्या चारांचं काम स्वस्त महिन्यांत विजेवर टाकलं तर हजार-अकराशे रुपये वाचतात. हा आकडा लिहिताना मला थोडं हसू आलं. इंडक्शनची शेगडी, तिच्यावर चालणारं एक पातेलं आणि कुकर यांचा खर्च भरून यायलाच काही वर्षं जातील. दिराच्या भाषेत याला 'स्वस्त पडलं' म्हणत नाहीत. एसी चोवीसवर ठेवला तर याहून जास्त वाचेल. २०२० पासून नवे एसी चोवीसवरच सुरू होतात, आपण रिमोट घेऊन त्यांना अठरावर नेतो.

पण स्वयंपाकघर फक्त आकड्यांवर चालत नाही, आणि गोव्याचं तर नाहीच. उकड्या तांदळाची पेज बघा. सुरई, म्हणजे न उकडलेला, तांदूळ कुकरला तीन शिट्ट्या दिल्या की झाला, उकडा तांदूळ उघड्या भांड्यात पाऊण तास उकळत राहतो. घरातलं सर्वांत जास्त इंधन खाणारं काम हेच. इंडक्शनवर त्याची खरी बचत होते, आणि स्वयंपाकघरात उकाडाही होत नाही. पण स्वस्तातला इंडक्शन मंद आचेवर ठेवला की तो मंद होत नाही, थांबून थांबून पूर्ण जोरात चालतो. पेज आधी गप्प बसते आणि मग एकदम कट्ट्यावर येते. भांडं मोठं घेतलं आणि झाकण तिरकं ठेवलं की जमतं. तांदूळ आदल्या रात्री भिजत घातले तर कुठलंही इंधन वाचतं, पण हे सांगायला गणिताची बाई नको, ते सासूबाईंना माहीत होतंच.

हुमण, म्हणजे माशांची आमटी, मातीच्या कुंडल्यात करायचं असेल तर इंडक्शन संपला. माती, तांबं, ॲल्युमिनियम त्याला चालत नाही. फ्रिजवरचा चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघायचा, चिकटला तर चालेल. आमचा जुना कुकर नापास झाला, बिडाचा तवा पास झाला. वाटणासाठी खोबरं भाजणं, पापड, वांगं, हे सगळं ज्वाळेवरच. आणि पावसाळ्यात माडाचं चुडत, म्हणजे झावळी, तारेवर पडलं की वीज जाते, ती कधी येईल सांगता येत नाही. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला होता: "गॅस आसूं दी गो. करंट गेल्यार पेज खंय करतली?" विजेच्या पॉइंटचंही बघावं लागतं. दोन हजार वॅटची शेगडी मिक्सरच्या लहान प्लगात लावायची नसते, तिला पॉवर पॉइंट हवा. जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात तो एकच असतो आणि तिथे ओव्हन बसलेला असतो.

म्हणून सोसायटीच्या बैठकीत मी पाइपच्या बाजूने मत दिलं. स्वस्त आहे म्हणून मुळीच नाही. त्या ४८ च्या रेषेच्या थोडं खाली-वर होत राहणाऱ्या दरात आमच्यासारख्या घराला महिन्याला चहा-भजीचा फरक पडतो. मला हवंय ते सिलिंडर ऐन वेळी न संपणं. पावसात वीज गेली तरी माझ्याकडे ज्वाळा असणं. शिवाय नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर जातो आणि खिडकीतून निघून जायला त्याला वाव मिळतो. एलपीजी जड, तो जमिनीलगत साचतो. तळमजल्यावरच्या आजींना हे समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, म्हणजे तो वरच्यांच्या घरात येणार का? प्रश्न चांगला होता. वायुवीजन दोन्हींना लागतंच.

हा गॅस येतो कुठून, असं बैठकीत कुणी विचारलं. दाभोळहून बेंगळुरूला गेलेल्या वाहिनीचा एक फाटा गोव्यात उतरतो. दाभोळ म्हटल्यावर माझ्या वयाच्या मराठी माणसाला एन्रॉन आठवतो. त्या वीज प्रकल्पासाठी आखलेल्या जागेत जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवण्याचं टर्मिनल आहे. एवढ्या भांडणातून निघालेल्या जागेचा आमच्या हुमणाशी संबंध येईल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

पाइप घेण्याआधी काही गोष्टी विचारून घेतल्या. परत मिळणारी अनामत किती आणि न परतणारं शुल्क किती, हे वेगळं लिहून मागितलं. नळी ठरावीक लांबीपर्यंत धरलेली असते, पुढे मीटरमागे पैसे. आमचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, त्यामुळे लांबी आधी मोजून घेतली. बिल दोन महिन्यांनी येतं आणि काही जळलं नाही तरी किमान आकार असतो. चवथीला, म्हणजे गणपतीत, आम्ही सगळे डिचोलीच्या मूळ घरी जातो, फ्लॅटला कुलूप, तरी तो आकार लागणार. शेगडीचे जेट बदलून देतात, कारण पाइपचा गॅस कमी दाबाने येतो आणि घनमीटरमागे त्याची उष्णता एलपीजीहून बरीच कमी, म्हणून भोक मोठं लागतं. एकदा जेट बदलले की ती शेगडी पुन्हा सिलिंडरला लावायची नाही. पूर्वी चवथीला आमची तीन बर्नरची शेगडी गाडीत घालून गावी नेत असू, मोदकांना आणि नेवऱ्यांना एक शेगडी पुरत नाही. आता तिथल्यासाठी वेगळी घ्यावी लागेल. गावच्या घरी सासूबाईंच्या नावावर सिलिंडर आहे तो राहील. आणि न्हाणीत भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, आहे. नारळाची सोडणं-चुडतं घालून पाणी तापतं, त्याचा दर युनिटला शून्य. पण ती ओढून आणणाऱ्याची मजुरी मी धरलेली नाही, दिराला सांगू नका.

पर्वरीचं कनेक्शन मात्र जमा करायचं. पाइपच्या अर्जासोबत तसं हमीपत्र होतं. जमा केल्यावर अनामत परत मिळते, ती आजच्या दराने नाही, आपण जेव्हा भरली तेव्हाच्या पावतीवर जेवढी लिहिली असेल तेवढी. २०२२ च्या जूनपासून नव्या सिलिंडरची अनामत २२०० झाली, त्याआधी १४५० होती. आमचं कनेक्शन लग्नानंतरचं, त्या वेळी काहीशेच भरले असतील. पावती, म्हणजे तो एसव्हीचा (सबस्क्रिप्शन व्हाउचरचा) पिवळा पडलेला कागद, नवऱ्याच्या फायलींत आहे असं तो म्हणतो. फायली आठ आहेत. कागद नाही मिळाला तर वितरकाकडे अर्ज करून नोंद काढावी लागेल. सोसायटीत खोदकाम पावसाच्या आधी होईल असं सांगितलंय, तोवर शोधून ठेवायचा आहे.